फिश टँकची काळी रेघ

आटपाट नगर म्हणा हवं तर. पण या नगरात एसटी स्टँड होतं, नळाला एक दिवसाआड पाणी होतं आणि नीळकंठराव नावाचे एक निवृत्त गृहस्थ होते. यांना स्वच्छतेचं भारी वेड. वेड म्हणजे किती? दिव्याची बटणंसुद्धा जुन्या टूथब्रशने घासायचे! मुलांनो, हसू नका. असा एक जण बहुतेक घरांत असतो, आणि आमच्या घरात तो मीच आहे.

त्यांच्या बायकोचं नाव कुमुदताई. लेक सासरी गेली त्या वर्षी कुमुदताईंनी बाहेरच्या खोलीत फिश टँक आणून ठेवला आणि त्यात एकच गोल्डफिश सोडली. तिचं नाव बुंदी. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. कुमुदताई चहाचा कप घेऊन समोर बसल्या की बुंदी काचेला तोंड लावून उभी राहायची, आणि मग कुमुदताई तिला लेकीच्या बातम्या सांगायच्या. सगळ्या, अगदी जावयाच्या तक्रारीसकट.

टँकच्या काचा जिथे एकमेकींना चिकटतात, तिथे आतून सिलिकॉनचा रबरासारखा पट्टा असतो. पाणी अडवतो तो हाच. कुमुदताई दर रविवारी बोटाला मऊ फडकं गुंडाळून हे सांधे हलक्या हाताने पुसायच्या. साबण नाही, घासणी नाही. पण शेवाळच ते, एका कोपऱ्यात काळी रेघ उरली ती उरलीच. नीळकंठरावांच्या डोळ्यांत ती सारखी खुपायची.

"चार माणसं येतात घरी. काय म्हणतील?"

"मासा बघतील आणि जातील," कुमुदताई म्हणायच्या.

एकदा बहीण आजारी पडली म्हणून कुमुदताई चार दिवसांसाठी तिच्या गावी निघाल्या. चपला घालता घालता म्हणाल्या, "बुंदीला रोज चिमूटभर दाणे टाका. आणि अहो, त्या सांध्यांना हात लावू नका. मी आले की बघीन."

"बरं बरं, कळलं."

एसटी वेशीबाहेर गेली नसेल, तोच यांचे हात शिवशिवायला लागले. ब्लेड आणायला ते पोपटराव काचवाल्याच्या दुकानात गेले. टँक पोपटरावांनीच बनवलेला.

"साहेब, काच खुशाल खरवडा," पोपटराव म्हणाले, "पण सांध्याला ब्लेड लावू नका. डाग आहे ना? असू दे की. पाणी धरतोय ना तो?"

"तुम्हाला चालत असेल. मला नाही चालत," असं म्हणून नीळकंठराव ब्लेड घेऊन घरी आले.

कोपऱ्यावर ब्लेड चालवलं. काळं निघालं. त्याबरोबर सिलिकॉनची एक बारीक सालही सुटली. ती यांनी चिमटीत धरून ओढली, तर सरसर खालपर्यंत निघून आली. वा! सांधा कसा कोरा करकरीत दिसायला लागला! रात्री फोनवर कुमुदताईंनी "बुंदी जेवली का?" म्हणून विचारलं, तेव्हा हे खुशीत म्हणाले, "जेवली. तू ये तर खरी, तुला एक गंमत दाखवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर पाणी दिसलं. थोडंसंच. सांध्याच्या बुडाशी एक थेंब जमत होता, पडत होता, पुन्हा जमत होता. आता तुम्हीच सांगा, काय करायला हवं होतं? बादलीत टँकमधलंच पाणी घ्यायचं, बुंदीला त्यात सोडायचं आणि पोपटरावांना फोन लावायचा. दहा मिनिटांचं काम हो! पण बाहेरच्या खोलीत बादली बरी दिसते का? आणि पोपटराव काय म्हणतील? नीळकंठरावांनी टेबल पुसलं, खाली टॉवेलची घडी ठेवली आणि ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेला निघून गेले.

दुपारी येऊन दार उघडलं, तर पायाखाली पाणी. सांधा बुडापर्यंत सुटला होता. टँकच्या तळाच्या खड्यांवर बुंदी आडवी पडली होती. नीळकंठराव धावले. त्यांनी तिला दोन्ही हातांनी उचललं, भरल्या बादलीत सोडलं, पाणी हलवलं. "बुंदी, अगं बुंदी," म्हणत ते कितीतरी वेळ बादलीपाशी बसून होते.

कुमुदताई आल्या. रिकामा टँक पाहिला, त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि न सांगता त्यांना सगळं समजलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या खुर्चीत बसून राहिल्या.

"पोपटराव सगळं जुनं सिलिकॉन काढून नवीन भरून देतो म्हणालेत," नीळकंठराव घाईघाईने बोलायला लागले. "दोन दिवस वाळू दिलं की टँक पहिल्यासारखा. आपण दुसरी बुंदी आणू. दोन आणू!"

कुमुदताईंनी बुंदीच्या दाण्यांची डबी उचलून मांडीवर घेतली. तेव्हा चौतीस वर्षांच्या संसारात एकदाही न उच्चारलेले शब्द नीळकंठरावांच्या तोंडून बाहेर पडले.

"चुकलं माझं, कुमुद."

"कळलं मला," त्या म्हणाल्या. "पण मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं, ती कुठे आहे?"

यावर मी आणखी काय बोध सांगणार? तरी रीत आहे म्हणून सांगतो. तात्पर्य: जे धरून ठेवतं, त्याच्यावर डाग असला तरी ब्लेड चालवू नये. आणि चालवलंच, तर पहिला थेंब दिसताच लाज बाजूला ठेवून आधी जीव उचलावा. टेबल काय, नंतरही पुसता येतं.