शेणकिडा आणि बाभळीचा काटा

एका गावच्या गायरानात गोंदाजी नावाचा शेणकिडा राहत होता. जन्म शेणात, जेवण शेणात, आणि भीती मात्र घाणीची! आता अशाला काय म्हणावे?

किड्यांच्या अंगात रोगाशी लढणारे शिपाई असतात. रोग शिरला की ते आग ओकतात. शत्रू मरतो, पण थोडे घरही होरपळते. हे शिपाई झोपले तर आपले कसे होणार, या धास्तीने गोंदाजी रोज सकाळी स्वतःला बाभळीचा काटा टोचून घेई. शिपाई धडपडून उठत आणि शत्रू सापडला नाही, की मालकालाच भाजून परत जात.

पुढे सगुणाशी त्याचे लग्न ठरले. नवरानवरीने मिळून शेणाचा गोळा टेकाडावर चढवायचा, तरच लग्न लागायचे, अशी त्यांची रीत. गोंदाजी मांडवात आला तोच लटपटत. पाठीची चकाकी गेलेली, पाय कापताहेत.

वऱ्हाडातली एक म्हणाली, "नवरदेवाचे आजोबा आले वाटतं! नवरदेव कुठाय?"

सगळे खो खो हसले. गोंदाजीला रडू फुटले. त्याने आपल्या राहीआत्याला काट्याची सगळी हकीकत सांगितली.

"अरे वेड्या," आत्या म्हणाली, "चोर नसताना रोज मशाली पेटवल्यास, तर छप्परच जळायचं! फेक तो काटा."

"आणि खरंच रोग आला तर?"

"शिपायांना बोलवावं लागत नाही. आपणहून धावतात."

सगुणा म्हणाली, "पौर्णिमेपर्यंत थांबते मी. पण काटा पुन्हा दिसला, तर सोयरीक मोडली!"

गोंदाजीने मन घट्ट करून काटा ओढ्यात भिरकावला. हळूहळू पायांचा कंप थांबला.

पौर्णिमेच्या सकाळी दोघांनी गोळा ढकलायला घेतला. अर्ध्या चढावर एका धारदार खड्याने गोंदाजीचा पाय फाटला. तो घाबरून थबकला. पण पाहतो तर काय, शिपाई न बोलावता हजर! जखमेवर काळी खपली धरू लागली.

"बघत काय बसलास? लाव जोर!" सगुणा ओरडली.

गोंदाजीने असा जोर लावला, की गोळा थेट टेकाडावर! पाठीची चकाकी काही परत आली नाही. पण त्या दिवशी तो इतका नाचला, की वऱ्हाड दमले, नवरदेव दमेना.

तात्पर्य: संकटाशी जरूर लढावे, पण न आलेल्या संकटाशी जो रोज लढतो, तो आपलेच आयुष्य जाळतो.