नाबाद त्र्याण्णव

एकदा एक फलंदाज नाबाद राहिला, आणि तिथेच त्याचं सगळं बिनसलं.

देशाकडून खेळलेला माणूस. शेवटच्या कसोटीत तो त्र्याण्णव धावांवर होता. चार वाजून दहा मिनिटांनी गोलंदाज धावत सुटला, त्याची बारा पावलं झाली, आता चेंडू सुटणार, एवढ्यात प्रेक्षकांच्या मंडपाने पेट घेतला. एकच पळापळ झाली. देवाची कृपा, जीव कुणाचा गेला नाही. पण सामना तिथेच सोडून द्यावा लागला. पुढे फलंदाजाच्या गुडघ्याने दगा दिला, संघात नवी माणसं आली, कारकीर्द आटोपली. अहो, एवढं तर बहुतेक खेळाडूंच्या नशिबी येतंच. याच्या नशिबी आणखी एक गोष्ट आली.

रोज चार वाजून दहा मिनिटांनी त्याला पावलं ऐकू येत. धप, धप, धप. मोजून बारा. मग काहीच नाही. त्या क्षणी तो असेल तिथे थिजून जाई. हातातला चहाचा कप बॅटच्या मुठीसारखा आवळून चेंडूची वाट पाहत राही, चहा गार होऊन जाई. प्रशिक्षकाची नोकरी अशीच गेली. अकरा वर्षं त्याने हे कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय, कप्पाळ! तो परदेशी गोलंदाज तर तिकडे स्वतःच्या देशात मजेत पोरंबाळं खेळवत होता.

मग एके दिवशी दुपारी त्याची सहा वर्षांची लेक चित्र रंगवता रंगवता थांबली आणि म्हणाली, "बाबा, बारा झाली. तो चेंडू का टाकत नाही?"

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपलं काय व्हायचं ते होवो, पण हे पोरीच्या मागे लागलं? दुसऱ्याच दिवशी त्याने त्या सामन्यातल्या वृद्ध पंचांचं घर गाठलं.

पंचांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नवल वाटल्याचं काही दिसलं नाही. खुंटीवरचा पांढरा कोट झटकून अंगात चढवत ते एवढंच म्हणाले, "चल. पॅड बांधून त्याच मैदानावर ये."

भर उन्हात मैदान चिडीचूप होतं. पंचांनी दोन्हीकडे यष्ट्या रोवल्या, त्यांवर लाकडी बेल्स अलगद ठेवल्या. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली आणि पावलं सुरू झाली. समोर कुणीही नव्हतं. पण तांबड्या मातीतून धुळीचे लहान लहान लोट उठत फलंदाजाच्या दिशेने येत होते. नऊ. दहा. आज चेंडू येणार, नक्की येणार! अकरा.

"टाइम!" पंच कडाडले आणि त्यांनी आपल्या बाजूच्या बेल्स उचलून खिशात टाकल्या. उठलेली धूळ जागच्या जागी बसली.

फलंदाज भडकला. "काका, हे काय केलंत तुम्ही? सातच धावा हव्या होत्या मला!"

"हव्या होत्या, खरं आहे," पंच म्हणाले. "दिवसाचा खेळ संपला की पंचाने बेल्स उचलायच्या, असा रिवाज आहे. त्या दिवशी मी जीव घेऊन पळालो, उचलायच्या राहूनच गेल्या. माझी बोटं अकरा वर्षं शिवशिवतायत रे. ती चूक माझी. पण तुझीही ऐक. 'नाबाद' हा शब्द तू उराशी धरून बसलास. अरे बाळा, खेळ चालू असेपर्यंत माणूस नुसता खेळत असतो. दिवस मावळल्यावरही जो उभा असतो, तो नाबाद. तू दिवस मावळूच दिला नाहीस."

 फलंदाजाने ग्लोव्हज काढले, मागे वळून आपल्या यष्ट्यांवरच्या दोन बेल्स स्वतःच्या हाताने उचलल्या आणि पॅव्हेलियनकडे चालू लागला. अर्ध्या वाटेत त्याला हुंदका फुटला. पंच सोबत चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तो चहा घेऊन लेकीजवळ बसला.  चार वाजून दहा मिनिटं झाली. त्याला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. लेकीने मात्र मान वर करून कानोसा घेतला.

"आला का गं तो?" त्याने कसंबसं विचारलं.

"आला होता," ती म्हणाली. "पण आज पळत नव्हता, बाबा. चालत चालत परत गेला. दमला होता बिचारा."

आणि ती पुन्हा चित्र रंगवू लागली. त्याने कप उचलला आणि गरम होता तोवर चहा पिऊन घेतला.