दोन नावांचं फुलपाखरू

जुईवाडीत बारा महिने गजऱ्यांचा घमघमाट असायचा, पण ते गजरे ओवणाऱ्या गिरजाच्या चुलीवर मात्र पातळ पेजेशिवाय काही शिजायचं नाही. गिरजाची नजर अधू झाली होती. सुईत दोरा घालायलासुद्धा तिला लेक लागायची. लेकीचं नाव सोनकी. आणि ही सोनकी भारीच हुशार बरं का! राणीसरकारांच्या गुणवंत परीक्षेत ती उत्तीर्ण झाली आणि शिष्यवृत्तीचं झगमगतं सोनेरी पान तिच्या हाती आलं.

पण पान मिळालं म्हणजे सगळं मिळालं, असं थोडंच असतं? पानावर सगळ्या महाविद्यालयांची यादी होती आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'यातल्या फक्त दोन महाविद्यालयांना कळवा. आज सूर्य मावळायच्या आत कळवा. ज्यांना कळवाल तीच बोलावतील.' महाविद्यालयं सगळी दूर डोंगरांवर. श्रीमंतांच्या मुलांकडे निरोप न्यायला घोडेस्वार होते. सोनकीकडे होते आपले दोन पाय, आणि दुपार तर कलायला लागली होती.

ती रडकुंडीला येऊन राजबागेत बसली. समोर मोगऱ्याचं एक इवलंसं रोप उन्हानं मान टाकून उभं होतं.

"तुला माझ्याहून जास्त तहान लागलीय रे राजा," असं म्हणत तिनं आपल्या तांब्यातलं सगळं पाणी त्याला घातलं.

आणि काय सांगू! टप्पकन एक कळी उमलली, गुलाबी-चंदेरी चमचम हवेत भुरभुरली आणि बोटाएवढी एक परी पाकळीवर येऊन बसली. तिच्या इटुकल्या तळहातांवर दोन फुलपाखरं होती, एक लालचुटुक आणि एक निळंशार.

"हे घे तुझे निरोपे," परी म्हणाली. "एकानं एकाच महाविद्यालयात जायचं. गेलेलं परत यायचं नाही. आणि उडण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारता येईल. उत्तर खरं तेच मिळेल."

"मला चष्मे घडवायला शिकायचंय, परीताई. आईसाठी!"

इतक्यात कोतवालीणकाकू आल्या. नको तिथे नाक खुपसण्यात त्यांचा हात कोण धरणार! "विचारायचं काय त्यात? सुवर्णशिखर सांग! दारात हत्ती झुलतात, जेवायला चांदीची ताटं!"

मोठ्यांना नाही कसं म्हणायचं? भिडेपोटी सोनकी पुटपुटली, "सुवर्णशिखर." लाल फुलपाखरू भुर्रकन उडून गेलं.

"तिथे नुसते दरबारी मुजरे शिकवतात गं," परी हळूच म्हणाली.

आता एकच फुलपाखरू उरलं होतं, आणि एकच प्रश्न. तो मात्र तिनं पक्का ठरवला. चष्मे घडवायला सगळ्यात चांगलं कुठे शिकवतात? ती विचारणार, तोच धापा टाकत एक मुलगी धावत आली. ती होती माळावरच्या धनगरांची बाणाई. तिच्याही हातात सोनेरी पान होतं.

"मी बी पास झालेय गं! चांदण्यांचं शास्तर शिकायचंय मला. पर निरोप कोण नेणार? दिस तर बुडाय लागला!"

"तुझं तू बघ हं, सोनकी," काकू कुजबुजल्या.

सोनकीनं बाणाईच्या काट्यांनी ओरबाडलेल्या पायांकडे पाहिलं. मग निळ्या फुलपाखराला जवळ घेऊन तिनं आपला एकुलता एक प्रश्न विचारला, "तुला दोघींची नावं पेलतील का रे?"

"पेलतील," फुलपाखरू म्हणालं, "पण महाविद्यालय एकच सांगा."

आता आली का पंचाईत! एकीला हवेत चष्मे, दुसरीला चांदण्या. दोघी यादीवर वाकल्या.

"चष्म्याला काच लागते," सोनकी म्हणाली.

"आन् चांदण्या बघायला दुर्बीण!"

"दुर्बिणीलाही काचच लागते की!"

यादीत सगळ्यात शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'काचगड. येथे भिंगे व दुर्बिणी घडवतात.' दोघींनी एकदमच बोट ठेवलं.

"ईऽऽ! त्याला तर गवताचं छप्पर आहे," काकूंनी नाक मुरडलं. पण या वेळी सोनकी भिडेला पडली नाही. दोघी एका सुरात ओरडल्या, "काचगड!"

दोन नावांच्या भारानं निळं फुलपाखरू डुलत डुलत, वर-खाली होत निघालं.

"काचगडाची रीत न्यारी," परी म्हणाली. "पत्रबित्र नाही. एका मुलीला बोलावलं, की गडावरच्या मोठ्या आरशातून एक कवडसा येतो."

सूर्य केशरी झाला. मग लालबुंद झाला. डोंगराला टेकणार, एवढ्यात लखकन एक कवडसा बागेत उतरला. अगदी दोघींच्या मधोमध.

एकच.

बाणाईनं पान घडी करून कमरेला खोचलं. "तुझाच हाय तो. फुलपाखरू तुझं हुतं." ती वळली.

"थांब ना गं!" सोनकीनं तिचा हात घट्ट धरला. "नावं दोन गेलीत. मी एकटी जाणार नाही."

आणि लख्ख! दुसरा कवडसा थेट बाणाईच्या कपाळावर!

"दोऽऽन!" सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडलं असेल? कोतवालीणकाकू! त्यांनी तर चक्क उड्या मारल्या.

"स्वतःचा प्रश्न दुसरीसाठी विचारलास," परी हसली, "अशी मुलगी कोण सोडेल?" पंख पसरून ती दोन्ही कवडशांच्या मधे शिरली, सोन्यासारखी झळाळली आणि त्या उजेडातच विरघळून गेली. बागेत उरले दोन कवडसे, आणि त्यांच्यात फुगडी घालणाऱ्या दोघी.