दिगूच्या कॉलेजाचा कौल

कोकणात खाडीकाठच्या एका गावात दिगू नावाचा एक भोळा मुलगा राहात होता. चित्रं अशी काढायचा की त्यानं भिंतीवर मासा काढला तर मांजर दिवसभर भिंतीपाशी बसायची. पण देव अक्कल वाटत होता तेव्हा रांगेत कुणीतरी त्याला म्हणालं, "जरा सरक." दिगू सरकला. पुरे म्हणायचं राहून गेलं, म्हणून तो सरकतच राहिला.

बारावी झाली. वडील म्हणाले, "या पावसाळ्यात चित्रकलेच्या कॉलेजात जागा मिळव. नाहीतर मामाच्या भाताच्या गिरणीवर जायचं."

गिरणी धडधडायला लागली की दिगूचा हात थरथरायचा. हात थरथरला की चित्र संपलं. त्यामुळे आईनं देवाला साकडं घातलं. तिनं शुक्रवार धरले, आंबट सोडलं, देवापुढे अखंड समई ठेवली. आणि दिगूला म्हणाली, "बाळा, आधी कॉलेजं बघून ये, मग निवडू. नव्या जागी गेलं की मोठं माणूस दिसेल त्याच्या पाया पडायचं. आशीर्वाद कधी वाया जात नाही."

"बरं," दिगू म्हणाला.

पहिल्या कॉलेजात एका खोलीत उंच चौरंगावर एक आजोबा बसले होते. भोवती मुलं त्यांचं चित्र काढत होती. दिगू सरळ गेला आणि पाया पडला. आजोबा जुन्या वळणाचे. त्यांनी हात उचलला, "आयुष्मान भव" म्हणाले, खाली उतरले आणि "कुणाचा रे तू?" म्हणून दिगूच्या मामांपर्यंत पोचले. निम्म्या मुलांच्या चित्रात हात गुडघ्यावर राहिला, निम्म्यांच्या चित्रात आशीर्वादाला उचललेला. एका मुलीच्या चित्रात तर आजोबाच नव्हते, नुसता चौरंग. शिकवणाऱ्या बाईंनी दिगूला दाराबाहेर काढलं.

घरी सगळं ऐकून आईनं कपाळाला हात लावला. "अरे, ते चित्रासाठीच बसलेले. एका जागी बसलेल्या माणसाला हलवू नये. आपण समोर बसावं, बोलू नये, मुकाट्यानं चित्र काढावं."

"आधी सांगायचं ना," दिगू म्हणाला.

दुसऱ्या कॉलेजात मुलाखतीला प्राचार्य खुर्चीत बसले होते. दिगू समोर बसला. त्यानं कागद काढला.

"नाव काय?" प्राचार्यांनी विचारलं.

दिगूनं त्यांचं नाक काढलं.

"कुठून आलास?"

दिगूनं भुवया काढल्या.

प्राचार्य उठायला लागले तसा दिगूनं नुसता हात केला. बसा. मान थोडी डावीकडे. प्राचार्य गोंधळून बसले, आणि मान डावीकडे झालीसुद्धा. शेवटी दिगूनं चित्र त्यांच्यापुढे ठेवलं. चित्र इतकं हुबेहूब होतं की आपण किती रागावलोय हे प्राचार्यांना त्यातच कळलं. मग ते आणखी रागावले.

आई म्हणाली, "अरे देवा. ते विचारत होते ना तुला? बरं, जाऊ दे. आता नव्या कॉलेजात कुणाच्या वाटेला जाऊ नकोस. हात मागे बांधायचे, लांब उभं राहून सगळं बघायचं. आवडलं तर तोंडभरून चांगलं म्हणायचं. चांगलं म्हणायला काय जातं?"

"आधी सांगायचं ना," दिगू म्हणाला.

तिसऱ्या कॉलेजाचे मुख्य सर शिल्पकार होते. दिगू पोचला तेव्हा ते पाय घसरून मातीच्या हौदात पडले होते. कमरेपर्यंत चिखलात रुतलेले.

"अरे, हात दे," सर म्हणाले.

दिगूनं हात मागे बांधले. दोन पावलं मागे सरकला. मान तिरपी केली.

"चांगलं आहे," तो म्हणाला.

"हात, हात दे रे गाढवा."

"हात छानच आलाय. पायांचं काम राहिलंय."

गड्यांनी सरांना ओढून काढलं. सर तोंडावरची माती पुसत दिगूकडे बघत राहिले. मग हसले. "इतकी वर्षं शिल्पं करतोय. तोंडावर चांगलं म्हणणारा तूच पहिला. दाखव तुझी चित्रं." चित्रं बघून ते गंभीर झाले. "एकच जागा उरलीय. रंगकाम घे नाहीतर शिल्प घे, पण सोमवारी पाचच्या आत येऊन नक्की कर. पाचनंतर माझ्याही हातात काही नाही."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण देवीला विचारल्याशिवाय तिच्या घरात लोणचंसुद्धा घातलं जात नसे. हे कॉलेज घ्यावं का, असा कौल लावायला ती दिगूला देवळात घेऊन गेली. गुरवानं तगरीच्या ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. आई कानात सांगत होती, "आपल्याला काय विचारायचंय ते मनात धरायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पाकळी पडेपर्यंत हात जोडून उभं राहायचं. मोठ्यांना विचारायची ही रीत." तेवढ्यात उजवी पाकळी पडली. आईनं पदर डोळ्यांना लावला.

"आधी सांगायचं ना," दिगू म्हणाला.

सोमवारी दुपारीच दिगू कॉलेजात गेला. कचेरीच्या टेबलापाशी सर बसले होते, बाजूला कारकून, समोर पालकांची रांग. दिगूनं पिशवीतून तांब्या काढला. पाकळ्या बुडवल्या. एक सरांच्या टकलाच्या उजवीकडे लावली, एक डावीकडे. आणि हात जोडून, डोळे मिटून उभा राहिला.

दुसरे कुणी असते तर ओरडले असते. पण सरही त्याच खाडीकाठचे, देवभोळे. कौल लागला की हलायचं नसतं, हे त्यांना पाळण्यापासून ठाऊक. ते जागच्या जागी पाषाण झाले.

"सर, इथे सही," कारकून म्हणाला.

"कौल लागलाय," सर ओठ न हलवता म्हणाले.

वाऱ्यानं पाकळी पडली तर कौल खोटा ठरेल, म्हणून कुणीतरी पंखा बंद केला. सरांना घाम फुटला. फोन वाजून वाजून थकला. नाकावर माशी बसली, ती पण सरांनी बसू दिली. चार वाजून गेले तरी पाकळ्या हलेनात. तेव्हा रांगेतल्या एका काकांना राहवलं नाही. त्यांनी टोपी सारखी केली आणि देवाला गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, ह्या पोरान जा काय मनात धरलेला आसा, ता मान्य करून घे."

"व्हय महाराजा," सगळी रांग म्हणाली.

"आणि आमका पण घराक जावक दी."

"व्हय महाराजा," कारकून सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला.

पाचला थोडी मिनिटं उरली असताना उजवी पाकळी घामावरून घसरली, कानावर टेकली आणि टेबलावर पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी आधी नाक खाजवलं.

"हो झालं रे बाबा," ते म्हणाले. "अजून वेळ आहे. लिहा हो पटकन ह्याचं नाव. सांग दिगू, मनात काय धरलं होतंस? रंगकाम की शिल्प?"

कारकुनानं पेन उघडलं. रांगेतल्या सगळ्यांनी माना पुढे काढल्या.

"तिथवर अजून आलोच नाही, सर," दिगू म्हणाला. "आत येऊ का, एवढंच विचारलं होतं."

बाहेर शिपायानं पाचची घंटा दिली आणि कारकुनानं पेन मिटलं.

"आता रंगकामाचं विचारतो," म्हणून दिगूनं तांब्यात नव्या पाकळ्या बुडवल्या, आणि सरांनी मुकाट्यानं डोकं पुढे केलं.