हौसाईची मांडी

चैत्र शुद्ध द्वादशी, दिवस नुकताच कासराभर वर आलेला. त्या वेळी हे सगळं सुरू झालं, असं करंजओढ्यातली जुनी माणसं सांगतात. सिदोबाचा डोंगर चढताना अर्ध्या वाटेवर एक काळी शिळा लागते. लांबून पाहिलं तर वाटतं, कुणी बाई पाय दुमडून बसली आहे. तिच्या मांडीच्या जागी दोन गोल खळगे आहेत. त्या शिळेला हौसाईची मांडी म्हणतात.

त्या द्वादशीला हौसा तळ्यावर पाणी भरत होती. तिचा नवरा भिवा इतर खांदेकऱ्यांबरोबर देवाची कावड, म्हणजे पाण्याचे दोन हंडे लावलेली काठी, घेऊन डोंगरावर गेला होता. वर पाहते तर चार माणसं त्याला घोंगडीत घालून खाली आणत होती. गुडघा पार निखळला होता.

झालं होतं असं. कावड वर्षातून एकदाच उचलायची, एरवी तिला हात लावायचा नाही. खांदेकऱ्यांनी उपाशीपोटी गार तळ्यात बुडी मारायची आणि ओल्या अंगानं तसंच धावत चढायचं. कावड जमिनीला टेकता कामा नये. आणि ‘दुखतंय’ असं जो म्हणेल, त्याच्या घरातून कावडीचा मान जायचा. भिवाला पहिल्याच वळणावर कळ आली होती म्हणे, पण तो ओठ चावून चढत राहिला. पुढं तो कधीच सरळ चालला नाही.

तेव्हा त्यांचा मुलगा बिरू पाळण्यात होता. हौसा त्याचे इवलेसे गुडघे तेलानं चोळायची आणि मनात म्हणायची, एक दिवस ह्याच गुडघ्यांवर ती कावड यायची. मान सोडावा तर घराचं नाव जाईल, ठेवावा तर पोराचे पाय जातील. शेवटी तिनं देवाला नवस केला, ‘सिदोबा, लेकराचे पाय धड ठेव. तुझ्या कावडीचं ओझं मी माझ्या अंगावर घेईन.’

बिरू मोठा झाला, त्याची पाळी आली. दिवाळीपासूनच हौसानं घरातलीच एक काठी आणि दोन घागरी काढून त्याच्या खांद्यावर दिल्या. पहिल्या दिवशी घागरीत तांब्याभरच पाणी. दर सोमवारी त्यात एक तांब्या वाढवायचा. पाय भरून आले म्हणाला की त्या दिवशी घागरी पालथ्या. रोज अंगणात बैठका, आणि घराच्या जोत्यावरून एकेका पायानं सावकाश खाली उतरायचं.

तळ्यावरच्या बायका हसायच्या. “काय गं हौसे, पोराला पाणी भरायला लावलंस? सासरी धाडायचाय का त्याला?”

“धाडीन की,” हौसा म्हणायची, “आधी गुडघे तरी पक्के होऊ देत.”

द्वादशी आली. हौसानं बिरूला पहाटेच भाकरी खाऊ घातली, अंग गरम होईस्तोवर तळ्याभोवती चालवलं. लोकांनी नाकं मुरडली. कावड उठली. बायकांच्या घोळक्यातून हौसा पुढं पुढं चढत होती, डोळे पोराच्या तोंडावर. अर्ध्या वाटेवर तिनं पाहिलं, बिरूनं खालचा ओठ दातांत धरला होता. अगदी बापासारखा.

ती धावत पुढं गेली आणि वाटेतच मांडी घालून बसली.

म्होरक्या कोंडाजी ओरडला, “बाजूला हो बाई! देव खोळंबलाय!”

“देवाला कसली घाई? बिरू, कुठं दुखतंय, बाळा?”

उत्तर दिलं की घराचा मान गेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बिरूनं खाली पाहिलं. “डाव्या पोटरीत गोळा आलाय, आई.”

“कावड जमिनीला टेकायची नाही ना? मग माझ्या मांडीवर टेकवा.”

आणि ते दोन भरलेले तांब्याचे हंडे तिनं मांडीवर घेतले. तसंच बसून पोराची पोटरी चोळली, गोळा सुटेपर्यंत. तेवढ्यात मागचा एक खांदेकरी हळूच म्हणाला, “काकी, माझापण खांदा धरलाय.” मग दुसरा बोलला. शेवटी कोंडाजीच म्हणाला, “माझा गुडघा दोन वर्षं सुजतोय गं.” त्याच्या जागी दुसरा खांदा लागला. मान मात्र कुणाचाच गेला नाही, कारण मान काढून घ्यायला न दुखणारं कुणी उरलंच नव्हतं.

विसाव्यानंतर कावड वर गेली, थेंब न सांडता. हौसाला मात्र उठता येईना, पाय बधिर झाले होते. परतताना बिरूनं तिला पाठीवर घेतलं आणि एकदाही न अडखळता घरी आणलं. पुढल्या वर्षी ती जिथं बसली होती तिथं ही शिळा दिसली, असं म्हणतात.

आजही करंजओढ्यात दिवाळीपासून पोरं तांब्या-तांब्यानं पाणी वाढवत सराव करतात. आजही द्वादशीला हंडे त्या खळग्यांत टेकतात, आणि गावातली एखादी आई प्रत्येक खांदेकऱ्याला विचारते, “कुठं दुखतंय, बाळा?” तिथं खोटं बोलायचं नाही, एवढाच नेम.

तुमच्या घरी पळणारं, खेळणारं लेकरू असेल तर त्यालाही विचारा. आणि ही शिळा पाहून डोंगर उतरलात की हे चार आयांच्या कानावर घाला.