साहेबांची जाड रेघ

खाडीतल्या बेटावर वेळवीच्या राणी अंबूबाई आणि पलीकडच्या काठाचे राजे सुभानराव असे दोघेही हक्क सांगत. त्या भांडणात तिथे मासे सुकवणाऱ्या कोळ्यांच्या होड्या दोन्हीकडून जप्त होत. अखेर निवाड्याला इंग्रज सरकारचे ब्रॅडली साहेब आले. त्यांनी नकाशावर खाडीच्या मधोमध लाल पेन्सिलीने हद्दीची जाड रेघ ओढली. इवलंसं बेट तिच्याखाली दिसेनासं झालं.

"मग बेट कुणाचं?" सुभानरावांनी विचारलं.

"रेघ सरकारची, म्हणून तिच्याखालचं बेटही सरकारचं," साहेब म्हणाले.

अंबूबाई शांतपणे म्हणाल्या, "तलवारीने मुलूख घेतलेला ऐकला होता, साहेब. बोथट पेन्सिलीने घेतलेला आजच पाहिला."

सुभानरावांना हसू आवरेना. साहेब ओशाळून पेन्सिलीला टोक काढू लागले. ते निघेपर्यंत दोघांनी बेट सामाईक ठरवून होड्या सोडायचा हुकूमही दिला होता.