जोमानं न मारलेली हाक

होड्यांना इंजिनं यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. खाजणपाडा नावाच्या कोळीवाड्यात जोमा नावाचा एक माणूस राहत होता. त्याचे कान काही मोठे नव्हते, तुमच्याआमच्यासारखेच होते. पण त्या कानांना पाण्याखालचं ऐकू यायचं, असं म्हणतात.

तो होडीच्या पुढच्या टोकाला बसायचा. वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचा आणि दांडा कानाला लावायचा. मग पाण्यातला आवाज त्या लाकडातून वर चढून यायचा. धोमा मासा खाली असला की दूर कुणीतरी जातं ओढतंय असं वाटायचं. शिंगाळा गुरगुरायचा. कोळंबी तव्यावर मीठ टाकावं तशी तडतडायची. जोमा नुसतं त्या मासळीचं नाव घ्यायचा आणि तिचं जाळं पाण्यात जायचं. मासळीच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, आहेत की नाही, तेसुद्धा त्याला आवाजावरून कळायचं, असं म्हणतात.

कोळीवाडा त्याला होडीचा कान म्हणायचा. होडीवर दोघेच असायचे, जोमा आणि त्याचा थोरला भाऊ चांग्या. सुकाणू चांग्याच्या हातात. बाकीच्या होड्या त्यांच्या मागून चालायच्या. जोमानं कान लावला की सगळे गप्प व्हायचे, कुणी खोकायचंसुद्धा नाही. रीत ठरलेली होती. जोमानं नाव घेतलं तर जाळं टाकायचं. तो गप्प राहिला तर खाली काही नाही असं समजायचं आणि होडी पुढं न्यायची. तिसरं काही नव्हतं. बापाच्या आणि आजाच्या वेळीही तिसऱ्याची गरज पडली नव्हती.

एका कार्तिकात होड्या निघाल्या तेव्हा आभाळ धुतल्यासारखं होतं. वाऱ्याची झुळूक नव्हती. चांग्या हसून म्हणाला, "आज दर्या नाय रं जोमा, तळं हाय. तुझ्या वयनीला आणायला पायजे व्हतं, कपडे तरी धुतले असते."

जोमा हसला आणि त्यानं वल्हं कानाला लावलं. तेव्हा त्याला तो आवाज ऐकू आला.

तो मासळीचा नव्हता. खूप खालून येत होता, खूप लांबून येत होता. बापानं शिकवलेल्या नावांमध्ये त्याला नाव नव्हतं. जोमानं डोळे उघडून पाहिलं. आभाळ निळं होतं, पाणी शांत होतं. डोळे सांगत होते की सगळं ठीक आहे. कान काय सांगत होते, ते मात्र त्याच्या तोंडात येईना. ज्याला नावच नाही ते असेल तरी कसं, असं त्याला वाटलं. लाकूड जुनं झालंय, भास झाला असेल. तो गप्प राहिला.

चांग्यानं जरा वाट पाहिली आणि रीतीप्रमाणे होडी पुढं नेली. पुन्हा जोमानं कान लावला, पुन्हा तोच आवाज, पुन्हा तो गप्प. त्याच्या गप्प राहण्यानंच होड्या खोल दर्यात गेल्या.

दुपारी वादळ आलं. मागच्या होड्या कशाबशा परतल्या. चांग्याची होडी फुटली. जोमाला त्याच्या वल्ह्यानं किनाऱ्याला आणलं. तो बेशुद्ध होता आणि वल्हं त्याला घेऊन लाटांच्या उलट पोहत आलं, असं म्हणतात. चांग्या आला नाही.

चांग्याची बायको पोवळी किनाऱ्यावर बसून होती. तिच्या मांडीवर तिचं एकुलतं लेकरू, लडकू, झोपलं होतं. जोमानं डोळे उघडले तेव्हा तिनं विचारलं, "भावजी, काय आयकलं नाय तू?"

"आयकलं व्हतं, वयनी."

"मग बोलला का नाय?"

"त्याला नाव नव्हतं."

"वरडायला नाव कशाला लागतंय रं?" ती म्हणाली आणि लेकराला उचलून घरी गेली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

लोक येऊन विचारायचे, कसा होता आवाज? जोमा सांगायचा, रिकाम्या रांजणात वारा शिरावा तसा. आणि तसं सांगितल्यावर त्याला खरोखरच रांजणातला वारा आठवायचा, तो आवाज आठवायचा नाही. मग तो म्हणायचा, नाही, म्हाताऱ्या माणसानं झोपेत कण्हावं तसा. तसं म्हटलं की आठवणीत कण्हणंच उरायचं. शब्द लावला की आवाज थोडा हरवायचा. सगळाच हरवला तर पुन्हा आला तरी ओळखणार कसा? या भीतीनं जोमानं बोलणंच सोडलं.

खाडीच्या तोंडाशी एक काळा खडक आहे. त्या खडकावर तो वल्हं घेऊन बसू लागला. पातं पाण्यात, दांडा कानाला. तिथून निघणारी प्रत्येक होडी त्याला पाहत जायची. पोवळी संध्याकाळी खडकावर भाकरी ठेवून जायची, पण मान वर करायची नाही. त्याचे केस पांढरे झाले, पायांना शिंपले चिकटले, तरी तो उठला नाही, असं म्हणतात.

लडकू मोठा झाला आणि बापासारखा सुकाणूवर बसू लागला. एका कार्तिकात होड्या खडक ओलांडून गेल्या. आभाळ धुतल्यासारखं होतं. आणि जोमाच्या कानात तो आवाज आला.

याही वेळी त्याला नाव नव्हतं. पण इतक्या वर्षांत त्या आवाजाबरोबर जोमाच्या मनात एकच माणूस राहिला होता. तो खडकावर उभा राहिला आणि ओरडला, "चांग्याऽऽ!"

दर्यानं नेलेल्या माणसाचं नाव त्या गावात पाण्यावर कधी कुणी घेत नाही. मुका माणूस ओरडला आणि तेही ते नाव. वारा नव्हता तरी ती हाक शेवटच्या होडीपर्यंत पोचली आणि शिडं आपोआप फिरली, असं म्हणतात. बापाचं नाव ऐकून लडकूच्या अंगावर काटा आला. त्यानं सुकाणू वळवलं. त्याच्यामागून सगळे वळले. शेवटची होडी वाळूवर ओढली आणि मग वादळ आलं.

पोवळी खडकाशी गेली. जोमा पावसात अजून उभाच होता. तिनं आपला पदर त्याच्या डोक्यावर टाकला.

"बोलला रं माझा भावजी," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "तवा एवढंच बोलला असतास."

त्या हाकेतच जोमाचा आवाज संपला होता. पुढं थोड्याच दिवसांत तो गेला.

आता होड्यांना इंजिनं आहेत. तरी खाजणपाड्याची होडी खडकाशी आली की इंजिन बंद होतं. एकजण वल्ह्याचा दांडा कानाला लावतो. त्याला गप्प राहायची परवानगी नाही. ऐकू आलं तरी, नाही आलं तरी, तोंडातून काहीतरी काढायचंच. नुसतं 'हूं' म्हटलं तरी चालतं. वादळाआधीच्या त्या आवाजाला गाव आता चांग्या म्हणतं. नाव लहान पोरालाही पाठ आहे. पण तो आवाज कसा असतो, ते सांगणारं कुणी उरलेलं नाही. दांडा कानाला लावलेला माणूस थोडा वेळ थांबतो, मागचे सगळे श्वास रोखून बसतात, मग तो "हूं" म्हणतो आणि इंजिन पुन्हा सुरू होतं.